वेबसाइट मालकाची, होस्टिंग कोणाचं?

छोट्या व्यावसायिकाने होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) कुठून घ्यावं, ही चर्चा अलीकडची. नाशिकमध्ये अनेक वर्षं हा निर्णय व्यावसायिकाने घेतलाच नाही. वेबसाइट करून देणाऱ्याने घेतला, आणि आजची बरीच भांडणं तिथूनच आली आहेत.

भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालं. २००५ मध्ये डॉट-इन नावांची नोंदणी मोकळी झाली आणि छोट्या दुकानांपर्यंत वेबसाइट पोहोचू लागली. करून देणारा एक रीसेलर प्लॅन घ्यायचा, म्हणजे होस्टिंगची जागा घाऊक घेऊन ग्राहकांना वाटून द्यायचा. द्राक्ष निर्यातदार, येवल्याचे पैठणीवाले, पंचवटीतलं लॉज, अंबडचं फॅब्रिकेशन युनिट, सगळे एकाच सर्व्हरवर. मालकाच्या हाती वर्षाला एक बिल यायचं: डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग, मेंटेनन्स. डोमेनची नोंदणीसुद्धा करून देणाऱ्याच्याच ईमेलवर व्हायची.

ही पद्धत बरोबर की चूक, यावर अजून एकमत नाही. करून देणारे म्हणतात, मालकाला रिन्यूअलची तारीख लक्षात राहत नाही, सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) उघडता येत नाही, मेल बंद पडला की रात्री फोन आम्हालाच. हे खोटं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्डावरच्या ऑटो-डेबिटचे नियम कडक झाले, तेव्हा परदेशी कंपन्यांची आपोआप होणारी बरीच रिन्यूअल अडकली. अशा वेळी कोणीतरी लक्ष ठेवणारा असलेला बराच.

पण करून देणारा नोकरी धरून पुण्याला गेला आणि नंबर बदलला, तर? डॉट-कॉमची मुदत संपल्याच्या सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये पडतात. रजिस्ट्रारने, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीने, ठेवलेली सवलतीची मुदत उलटली की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात नाव सोडवायला भरमसाट शुल्क. मग पाच दिवस, आणि त्यानंतर ते नाव कोणीही घ्यावं. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर लागणारा ऑथ कोडही त्याच खात्यातून मिळतो. पाटीवर, बिलबुकावर, खोक्यांवर छापलेलं नाव असं हातचं जातं. मे २०१८ मध्ये युरोपातला गोपनीयता कायदा लागू झाल्यावर हूइज नोंदींतली (डोमेनधारकांच्या जाहीर नोंदींतली) नावं झाकली गेली, त्यामुळे डोमेन कोणाच्या नावावर आहे हे मालकाला बाहेरून तपासताही येईना. सोयीसाठी मालकी सोडून देणं हा सौदा मालकाच्या अंगाशी येणारा होता, आणि हे त्याला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

रीसेलरचं गणितही बिघडत गेलं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एसएसएल (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र) नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. एसएसएल तोवर फुकट मिळू लागलं होतं, तरी काहींनी ते बिलात वेगळं लावलं. २०१९ मध्ये सीपॅनेलच्या परवान्याचं शुल्क खात्यांच्या संख्येवर गेलं. एका सर्व्हरवर शेकडो साइट ठेवणाऱ्यांचा खर्च वाढला आणि तो ग्राहकांवर आला. मालकांनी बिल नीट वाचायला घेतलं ते तेव्हा. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर आणि रिन्यूअलचा दर यांतली तफावतही तेव्हाच डोळ्यांत आली.

आता २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर लॉजवाले स्वतःची बुकिंग पानं करून घेऊ लागले आहेत. पर्वणीच्या दिवसांत शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) सीपीयूची, म्हणजे प्रोसेसर वापराची, मर्यादा ओलांडली की खातं अडतं आणि पान उघडत नाही. मुंबईत क्लाउड डेटा सेंटर आहेत, त्यामुळे जवळचा सर्व्हर मिळणं अवघड नाही. प्लॅन वाढवायला मात्र खात्याचं लॉगिन लागतं, आणि तेच अनेकांकडे नाही.