बाळ दचकतंय की आकडी येतेय?

आकडी म्हटली की हातपाय झाडणं, तोंडाला फेस, शुद्ध हरपणं डोळ्यांसमोर येतं. तान्ह्या बाळाची आकडी बहुधा अशी नसते. मेंदूतल्या जोडण्या अजून कच्च्या असतात, त्यामुळे मोठ्यांसारखा सर्वांगाचा झटका या वयात क्वचितच दिसतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे 'इन्फंटाइल स्पाझम'. इंग्लंडमधले डॉ. विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचं दुखणं कळवलं. चार महिन्यांचा असल्यापासून त्याचं डोकं एकाएकी गुडघ्यांकडे झुके, लगेच सैल होई आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. एका खेपेला दहा-वीस वेळा किंवा त्याहूनही जास्त. आजही हे स्पाझम असेच ओळखतात. ते बहुतेक वेळा पहिल्या वर्षात सुरू होतात आणि बाळ झोपेतून उठलं की हमखास दिसतात. कधी फक्त मान हलते, डोळे वर जातात. घरचे म्हणतात, पोटात मुरडा आला असेल. ग्राइप वॉटर दिलं जातं आणि मोलाचे आठवडे निघून जातात.

एरवीचं दचकणं आवाजाने किंवा धक्क्याने होतं आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरतं. फक्त झोपेत येणारे आणि जाग येताच थांबणारे हिसके सहसा निरुपद्रवी असतात. स्पाझम मात्र कारणाशिवाय, लागोपाठ येतात.

बाळाला 'भान होतं का' असं विचारता येत नाही, म्हणून डॉक्टर हालचालीवरूनच प्रकार ठरवतात. विजेसारखा क्षणात संपणारा झटका मायोक्लोनिक, एक-दोन सेकंदांचा स्पाझम, त्याहून जास्त वेळ अंग ताठ राहिलं तर टॉनिक. एकच हात उडत असेल किंवा डोळे एकाच बाजूला खेचले जात असतील, तर सुरुवात मेंदूच्या एका भागातून झाली असावी. बाळाचे कपडे काढून अंगावर फिके चट्टे आहेत का हेही बघतात. ती ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची खूण असू शकते आणि त्यात व्हिगाबॅट्रिन हे औषध आधी निवडतात. इतरांना बहुधा एसीटीएच या संप्रेरकाचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, लागतोच, त्यात झोपेतला भागही हवा. पण तपासणीच्या खोलीत बाळ अनेकदा शांत असतं. म्हणून शंका येताच मोबाइलवर व्हिडिओ घ्या: पांघरूण बाजूला करून, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा, खेप संपेपर्यंत. आणि तो त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.