सवय आणि दिनक्रम: दिसायला सारखे, वागायला वेगळे

"रोज सकाळी लिहायची सवय लावून घ्यायची आहे." "आईला नियमित फोन करायची सवयच राहिली नाही." "कामाची यादी करायची सवय मला लागतच नाही." अशी वाक्यं आपण सर्रास बोलतो. तिन्ही ठिकाणी 'सवय' म्हटलंय, पण मागितलाय दिनक्रम. आणि मग महिनाभराने हे अजून अंगवळणी का पडत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसतो. जी गोष्ट पूर्णपणे अंगवळणी पडणं शक्यच नाही, तिच्याकडून ती अपेक्षा केल्यावर दुसरं काय होणार?

सवय म्हणजे एखादी खूण मिळाली की विचार न करता घडणारी कृती. गाडीत बसलं की पट्टा लावला जातो. लिफ्टची वाट बघताना हात आपसूक फोनकडे जातो. यात ठरवणं कुठेच नाही. दिनक्रम ठरवलेला असतो: अमुक वेळेला, अमुक क्रमाने, एवढा वेळ. तो पाळावा लागतो, आणि वर्षानुवर्षं पाळला तरी थोडा जोर लावावाच लागतो. ओळखायची साधी खूण अशी की सवय मोडायला कष्ट पडतात, दिनक्रम टिकवायला पडतात. दात घासायचे राहिले तर दिवसभर तोंडात कसंतरीच होतं. व्यायाम राहिला तर, खरं सांगायचं तर, बरं वाटतं.

बाहेरून बघणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण दोन्ही गोष्टी रोज घडताना दिसतात. फरक आत आहे, आणि तो दाखवणारा एक प्रयोग मला फार आवडतो. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना ताजे पॉपकॉर्न दिले आणि काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. ते आवडले नाहीत हे त्यांनीच सांगितलं, तरीही खाल्ले. त्याच पद्धतीचे पॉपकॉर्न सभेच्या खोलीत, गाण्यांचे व्हिडिओ दाखवताना दिले तेव्हा मात्र हा प्रकार घडला नाही. पुढे चित्रपटगृहातच लोकांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तर सवयीच्या लोकांचंही शिळं खाणं कमी झालं. हाताची नेहमीची वाट अडली आणि डोकं जागं झालं.

सवयीला चव कळत नाही, एवढं यातून घ्यायचं. तिच्यापुढे खूण आली की ती काम उरकते. काम चांगलं झालं की वाईट, हे बघणं तिच्या कक्षेत नाही. जिथे नुसतं 'झालं' एवढंच पुरेसं आहे तिथे सवयीसारखं दुसरं साधन नाही: पट्टा, दात, किल्ली ठरल्या जागी ठेवणं, रात्री फोन चार्जिंगला लावणं. जिथे 'कसं झालं' याला किंमत आहे, तिथे तीच सवय घात करते. अवघड काम आणि माणसांशी असलेलं नातं, दोन्ही या दुसऱ्या गटातली.

आधी वेळेचं बघू, कारण तिथला घोळ सोपा आहे.

आपल्या दिवसाचा केवढा भाग सवयीवर चालतो, हे कुणालाच स्वतःहून नीट सांगता येत नाही. वुड यांनीच २००२ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दर तासाला त्या क्षणी काय करतोय आणि डोक्यात काय चाललंय ते लिहायला लावलं. एका पाहणीत सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज आणि बहुधा त्याच परिस्थितीत होणाऱ्या निघाल्या. त्या करताना मन बऱ्याचदा भलतीकडेच असायचं. म्हणजे वेळेचं नियोजन करायला बसतो तेव्हा आपण पूर्ण दिवस कागदावर मांडतो, पण त्यातला मोठा भाग कागद न वाचताच चालू असतो.

त्यात भर २१ दिवसांच्या समजुतीची. ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकापर्यंत मागे जाते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या रूपाची ओळख व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. नवीन चेहऱ्याला सरावणं आणि रोज पहाटे उठून अभ्यास करणं यांचा संबंध काय? पण 'किमान' हा शब्द मध्येच गळाला, आणि २१ दिवसांत कुठलीही सवय लागते असं होऊन बसलं. २००९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांवर १२ आठवडे हे मोजून पाहिलं. ज्यांच्या नोंदी गणितात नीट बसल्या त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत पसरला. (प्रयोग १२ आठवड्यांचाच असल्यामुळे वरचा आकडा अर्थातच मोजलेला नाही, गणिताने पुढे नेऊन काढलेला आहे.) जेवताना पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला जास्त दिवस लागले.

यातली निवडलेली कामं बघा: पाणी पिणं, फळ खाणं, थोडं धावणं. छोटी, एका दमात होणारी, एका खुणेला बांधता येणारी. अहवाल लिहिणं, हिशेब तपासणं, परीक्षेचा अभ्यास यांत मात्र पावलोपावली निर्णय आहेत. पुढचं वाक्य काय, हा आकडा जुळत का नाही, हे आपोआप घडणार कसं? घडू नयेच. असं काम सहासष्टाव्या दिवशीही कामच वाटतं, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं.

सवय लागू शकते ती फक्त सुरुवातीची. ठरावीक खुर्ची, त्याच वेळी, फोन दुसऱ्या खोलीत, कालची फाइल उघडायची. एवढ्या चार हालचाली विनातक्रार होऊ लागल्या की पुढच्या कामाला दिनक्रम पुरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं संशोधन इथे उपयोगी पडतं. नुसतं 'मी हे करणार' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की, अमुक ठिकाणी, मी तमुक करणार' असं आधी पक्कं करणारे लोक काम पार पाडण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं त्यांना वारंवार आढळलं. "दुपारी वेळ मिळाला की हिशेब बघेन" हा वाक्प्रयोग आपल्याला ओळखीचा आहे, आणि त्या हिशेबाचं काय होतं तेही. "जेवणाचं ताट ठेवलं की टेबलाशी बसून पहिल्या पानाची बेरीज" हे घडतं, कारण ताट रोज ठेवलं जातं.

सवय आणि दिनक्रम ओळखण्याची आणखी एक खूण मला स्वतःला फार कामाची वाटते: दिनक्रमाला शेवट असतो. 'सकाळी उठल्यावर मेल बघणं हा माझा दिनक्रम आहे' असं कुणी म्हणालं, तर ते किती वाजता संपतं हे विचारावं. उत्तर आलं नाही तर ती सवय आहे, दिनक्रमाचे कपडे घातलेली. तिच्यावर उपायही वेगळा. दिनक्रम बिघडला तर वेळ बदलून, काम कमी करून दुरुस्त होतो. सवयीशी असा समजूतदार वाटाघाटीचा मार्ग चालत नाही. तिची खूण हलवावी लागते. उशाशी फोन असेपर्यंत 'उद्यापासून नाही बघणार' याला काही अर्थ नाही.

नात्यांमध्ये हे सगळं जास्त नाजूक होतं, कारण तिथे सवय प्रेमासारखी दिसते.

शाळेतून आलेल्या मुलाला "आज काय केलं?" असं रोज विचारणारा बाप आणि "काही नाही" असं रोज सांगणारा मुलगा घ्या. बाप बूट काढता काढता विचारतो, मुलगा दप्तर टाकता टाकता उत्तर देतो. कुणीच कुणाकडे बघितलेलं नाही. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं, दोघेही आपापल्या वाटेला लागले. बापाला विचाराल तर तो छातीठोकपणे सांगेल की मी रोज मुलाची चौकशी करतो. करतोच. शिळ्या पॉपकॉर्नसारखी. जोडप्यांमधलं "हं" याच जातीचं. समोरचं माणूस काहीतरी सांगत असतं, आपण स्क्रीनवरून नजर न काढता वाक्यागणिक एक "हं" सोडत राहतो, आणि तिसऱ्या "हं"ला समोरचं माणूस बोलायचं थांबतं.

हे "हं" किती महाग पडतं याचा अंदाज जॉन गॉटमन यांच्या कामातून येतो. अमेरिकेत त्यांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्याचं चित्रण केलं. एकाने लक्ष वेधण्यासाठी काही म्हटलं, "बाहेर बघ, काय मस्त पक्षी आहे" असलं काहीही, तर दुसरा त्याकडे वळतो का, एवढंच मोजलं. सहा वर्षांनी बघितलं तेव्हा एकत्र टिकलेल्या जोडप्यांनी सुरुवातीच्या त्या चित्रणात अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला निघाला, आणि विभक्त झालेल्यांनी सुमारे ३३ टक्के. पक्षी कसा होता याला महत्त्व नाही, मान वळली की नाही याला आहे.

मग नात्यात दिनक्रम चालतो का? यावर लोकांची हमखास हरकत येते: ठरवून केलेला फोन म्हणजे उपचार, मनापासून आठवण आली पाहिजे. मी ठामपणे दुसऱ्या बाजूला आहे. मनापासून आठवण येते ती बहुतेक वेळा सोयीच्या वेळी येत नाही, आणि सोयीच्या वेळी जो समोर असतो किंवा जास्त आरडाओरडा करतो त्यालाच आपला वेळ मिळतो. लांब राहणारी आई, शांत स्वभावाचा भाऊ, कधीच तक्रार न करणारा मित्र हे सगळे 'वेळ मिळाला की' या रांगेत शेवटी उभे राहतात. रविवारी संध्याकाळी सात ही वेळ आईच्या नावावर लिहिली की ती रांग मोडते.

फक्त वेळ ठरवावी, संवाद ठरवू नये. "जेवलीस का, तब्येत कशी, बरं मग ठेवतो" हा फोन दिनक्रमातून घसरून सवयीत गेलेला असतो. यावर एक अगदी छोटा उपाय आहे. फोन ठेवल्यावर वहीत एक ओळ लिहायची: 'गुडघा, गुरुवारी तपासणी, शेजारच्या काकूंशी बोलणं बंद.' पुढचा फोन त्या ओळीपासून सुरू करायचा. "काय म्हणाले डॉक्टर? आणि काकू बोलल्या का?" यात कुठली हुशारी नाही, पण असा फोन डोकं बंद ठेवून करता येत नाही.

जुन्या जोडप्यांसाठी आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग गमतीचा आहे. त्यांनी जोडीदारांचे मनगट आणि घोटे वेल्क्रोच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि व्यायामाच्या गाद्यांवरून, मधला अडथळा पार करत, हात न लावता एक उशी न्यायला सांगितली. बाकीच्या जोडप्यांना तेवढाच वेळ एक साधं, कंटाळवाणं काम दिलं. उशी नेणाऱ्या, धडपडून हसणाऱ्या जोडप्यांना नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. वेळ सारखाच खर्च झाला होता. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ दोघांसाठी राखून ठेवली असेल तर उत्तम, पण ती दर वेळी त्याच सोफ्यावर त्याच मालिकेला जात असेल तर काय चाललंय ते एकदा बघावं.

खंड पडला की दोघांचं वागणं पुन्हा वेगळं. लॅलींच्या प्रयोगात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, त्यामुळे 'एकदा चुकलं, गेलं सगळं' या रडगाण्याला आधार नाही. सवयीला खरा धक्का बसतो तो जागा बदलल्यावर. वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांवर पाहणी केली. आजूबाजूची परिस्थिती बदलली तिथे जुन्या सवयींची पकड सुटली. वाईट तशाच चांगल्याही. घर किंवा नोकरी बदलल्यावर पहिले काही आठवडे म्हणूनच फार कामाचे असतात. दिनक्रम मात्र सामानासोबत नेता येतो, कारण तो भिंतींना चिकटलेला नसतो. त्याला हवी असते आधीच ठरवलेली लहान आवृत्ती: पाऊण तास जमत नसेल त्या दिवशी दहा मिनिटं, लांब फोन जमत नसेल तर एक आवाजी निरोप. ही लहान आवृत्ती आजारी पडल्यावर ठरवायला जाऊ नये, धडधाकट असताना ठरवावी.

समोरच्याचं वाक्य तोडणं, तक्रार ऐकताच स्वतःची बाजू मांडायला लागणं या सवयी सर्वांत चिवट. पट्टा किंवा पॉपकॉर्नची खूण बाहेर असते, हलवता येते. इथे खूण म्हणजे आपलाच चढलेला पारा, तो उशापासून दूर ठेवता येत नाही. गॉलविट्झरांची रीत इथेही लावून बघता येते: 'त्याचं वाक्य संपलं की आधी एक प्रश्न, मग माझं उत्तर.' पहिले काही दिवस हे नाटकी वाटतं, समोरच्यालाही जाणवतं. जाणवू द्यावं.

आणि माफी या दोन्हींत बसत नाही. तोंडात बसलेलं "सॉरी" कुणी ऐकत नाही, आणि वेळापत्रकात लिहिलेली माफी हास्यास्पद. 'मंगळवारी पाहुण्यांसमोर मी तुझं बोलणं उडवून लावलं' असं नेमकं काय केलं ते उच्चारूनच ती मागावी लागते, आणि त्यासाठी वहीतली ओळ उपयोगाची नाही.