सार्वकालिक म्हणजे कालातीत नव्हे

मराठी बायबलमध्ये 'सार्वकालिक जीवन' असे शब्द येतात. सर्व काळ चालणारं, कधीच न संपणारं. देवाबद्दल बोलतानाही आपण सहज हाच अर्थ धरतो. ('शाश्वत' म्हणावं, तर तो शब्द आता शाश्वत विकासवाल्यांनी नेलाय.) पण न संपणं वेगळं आणि काळातच नसणं वेगळं.

हा भेद रोमन तत्त्वज्ञ बोएथिअसने स्वच्छ मांडला, इ.स. ५२४ च्या आसपास, कैदेत मृत्युदंड समोर दिसत असताना. समजा, जगाला आरंभ नाही आणि अंतही नाही. तरी त्याचा कालचा दिवस हातून गेलेला असतो, उद्या अजून आलेला नसतो. आयुष्य कितीही लांबलं तरी मिळतं हप्त्याहप्त्यानेच. असं जग सार्वकालिक. देवाचं अमर्याद जीवन मात्र सगळंच्या सगळं एकदम त्याच्यापाशी असतं. ते कालातीत. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने हाच धागा धरून म्हटलं, की जग अनादि असतं तरी त्यामुळे ते देवाच्या बरोबरीचं झालं नसतं.

इतका कीस कशासाठी? देवाला माझं उद्याचं कृत्य आजच ठाऊक असेल, तर मी मोकळा कसा? बोएथिअसचं उत्तर असं, की देव काळात नसल्याने तो आधी जाणतच नाही, नुसता पाहतो. आणि मी चालताना तुम्ही पाहिलंत म्हणून मला चालणं भाग पडत नाही. अक्वायनसचा दाखला मला जास्त आवडतो: रस्त्याने जाणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावर उभा असलेल्याला सगळे वाटसरू एकाच वेळी दिसतात.

यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये मस्त टोला हाणला. ते म्हणतात: माझं टंकलेखन या कालातीततेशी समकालीन, रोमची आगही समकालीन. म्हणजे मी टाइप करतोय तेव्हा नीरो फिडल वाजवतोय! एलिओनोर स्टंप आणि नॉर्मन क्रेट्झमन या तत्त्वज्ञांनी १९८१ च्या लेखात या प्रश्नाला हात घातला. त्यांचं म्हणणं, काळातली घटना आणि कालातीत यांच्यातली समकालीनता निराळ्या जातीची असते. तिच्यावरून काळातल्या दोन घटना एकमेकींच्या समकालीन ठरत नाहीत. तर्क बिनचूक आहे, पण ती निराळी जात डोळ्यांसमोर काही उभी राहत नाही.

गंमत म्हणजे याच क्रेट्झमननी १९६६ मध्ये विचारलं होतं: जो कधीच बदलत नाही, त्याला आत्ता किती वाजलेत हे कसं कळणार?