पॉलिइमाइड फिल्मचे क्युअरिंग

पॉलिअ‍ॅमिक आम्लाचा (पॉलिइमाइडच्या पूर्वरूपाचा) ओला थर टप्प्याटप्प्याने तापवून त्यातील विद्रावक व पाणी काढून टाकण्याची आणि इमाइड वलये (रेणूतील नायट्रोजनयुक्त कडी) बंद करून उष्णतारोधी फिल्म तयार करण्याची क्रिया. मोटारींच्या वाइंडिंगचे विद्युत् निरोधन आणि लवचिक सर्किटे यांसाठी अशी फिल्म लागते. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (१९५०) बहुवारिकांवर (पॉलिमरांवर) दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

पायरोमेलिटिक डायअनहायड्राइड व ऑक्सिडायअ‍ॅनिलीन यांपासून केलेले, डायमिथिल अ‍ॅसिटामाइडमधील १५ टक्के द्रावण काचेवर २५० मायक्रॉन जाड ओतले, तर सुमारे २५ मायक्रॉनची फिल्म मिळते. सुरुवातीचा क्रम असा ठेवावा : ८०° से.ला दोन तास; मग १५०, २००, २५० व ३००° से.ला प्रत्येकी एक तास; शेवटी नायट्रोजनमध्ये ३५०° से.ला अर्धा तास. तापमानाचा चढ मिनिटाला २ ते ३ अंश.

यात वेळेपेक्षा तापमान महत्त्वाचे. वलये बंद होतात तशी फिल्म ताठरते, तिचे काचसंक्रमण तापमान (ज्याखाली बहुवारिक काचेसारखे ताठ राहते ते) ओव्हनच्या तापमानाला गाठते आणि रेणूंच्या साखळ्या हलेनाशा झाल्याने अभिक्रिया अडून बसते. २०० अंशांवर आणखी चार तास घालवून फारसे काही मिळत नाही. तापमान वाढवले की ती पुन्हा वेग घेते. म्हणून प्रयोगांत आधी अंतिम तापमान, मग चढाचा वेग आणि शेवटी थांबण्याचा वेळ ठरवावा.

चढ घाईचा झाला तर वाफ अडकून फुगे येतात. १५० ते २०० अंशांत फार रेंगाळले, तर काही साखळ्या तुटून अनहायड्राइड व अमाइन परत मिळतात आणि घडी घालताच फिल्म तडकते. ३०० अंशांपुढे या साखळ्या बऱ्याच अंशी पुन्हा जुळतात, मात्र मध्ये पाणी शिरले नसेल तरच.

पुण्यात खरी अडचण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेची. विद्रावक ओलावा ओढतो, थर दुधाळ होतो, आम्लाचे जलविघटनही होते. उणे १८ अंशांवर ठेवलेली द्रावणाची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, आणि ओतलेला थर कोरड्या नायट्रोजनखाली ठेवावा.

आम्लाचे इमाइडमध्ये किती रूपांतर झाले ते अवरक्त वर्णपटात १३८० प्रति सेंमी.चा इमाइड पट्टा १५०० च्या बेंझीन पट्ट्याशी ताडून मोजतात; १७८० चा पट्टा अनहायड्राइडच्या पट्ट्यावर चढत असल्याने फसवतो. वजनघटीवरही एकट्या विसंबू नये : वलये बंद होताना सुटणाऱ्या पाण्यामुळे होणारी सैद्धांतिक घट ८.६ टक्के असली, तरी चिकटून राहिलेला विद्रावकही त्याच सुमारास निघतो.

ओव्हन बंद करून फिल्म आतच थंड होऊ द्यावी आणि मग काच कोमट पाण्यात बुडवून ती सोडवावी.