ओल्या गांजाचं वजन

ओलावा म्हणजे काय, हे खान्देशातल्या कापूस उत्पादकाला शिकवावं लागत नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीतल्या कापसात मॉइश्चर मीटर खुपसतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यामागे कपात, 12 च्या वर गाडी परत. पाण्याचे पैसे कुणी देत नाही.

त्याच खान्देशात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर तालुक्यात, कापूस-तुरीच्या आड लावलेल्या गांजावर धाडी पडतात. हिरवी झाडं उपटतात, मोळ्या काट्यावर चढवतात. पंचनाम्यात आकडा लिहिला जातो. तो ओला की वाळलेला, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही.

आणि शिक्षा त्या आकड्यावरच ठरते. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा 20 किलोच्या वर गेला की ‘व्यावसायिक प्रमाण’. मग किमान 10 वर्षं सक्तमजुरी आणि किमान 1 लाख रुपये दंड. न्यायाधीशांना वाटलं तरी त्याखाली येता येत नाही. 20 किलोच्या आत मात्र जास्तीत जास्त 10 वर्षं, किमान काहीच नाही. उभ्या झाडांची लागवड हा वेगळा गुन्हा, त्यालाही किमान शिक्षा नाही. पण तोडलेली झाडं ‘ताब्यातला गांजा’ म्हणून धरली की सगळं काट्यावर येतं.

आता हिशेब करू. ताज्या शेंड्यांत साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. 22 किलो ओल्या मालात कोरडा अंश साडेपाच किलो; 10 टक्के ओलावा ठेवून वाळवला तरी 6 किलोच्या आसपास. माल तोच, माणूस तोच. चार दिवस उन्हात पडला असता तर दहा वर्षांची सक्ती लागलीच नसती! शिवाय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलांचे वा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. खोडं-मुळांसकट केलेल्या वजनावर म्हणूनच कोर्टात वाद होतात.

गांजाचा धंदा करणाऱ्याला सोडा, असं मी म्हणत नाही. पण नमुना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं प्रयोगशाळेला अवघड नाही. अमेरिकेच्या शिक्षेसंबंधीच्या मार्गदर्शक नियमांत, वाळवल्याशिवाय ओढता न येणाऱ्या ओल्या गांजाचं जादा पाणी वजा करून वजन धरायला सांगितलं आहे. आपल्याकडे एवढं तरी हवं, आणि किमान शिक्षेखाली उतरण्याची मुभा न्यायाधीशांना हवी.

व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम 37 मुळे जामीन फार कठीण. आरोपी आत बसून खटल्याची वाट बघतो. पाण्याचा मुद्दा सुनावणीत येईपर्यंत मुद्देमाल वाळलेला असतो किंवा नष्ट केलेला असतो. ओलं वजन तेवढं कागदावर उरतं.