घरी जुळवलेल्या गेमिंग संगणकावर प्रोग्राम मध्येच बंद पडत असल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुटे भाग स्वतः निवडून जुळवलेला संगणक चालू होतो, विंडोज नीट चालते, पण खेळता खेळता गेम एकाएकी बंद होऊन डेस्कटॉप समोर येतो, कधी ब्राउझर कोसळतो आणि कधी दोन दोन दिवस काहीच होत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ ग्राहकांनी तोवर विंडोज नव्याने टाकलेले असते, ड्रायव्हर बदललेले असतात आणि बायोसही (मदरबोर्डवरचा, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत केलेले असते. हे सारे एकाच बैठकीत केल्यामुळे कशाने फरक पडला आणि कशाने नाही, हे मात्र सांगता येत नाही. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि पुढचा बदल करण्यापूर्वी संगणक पुरेसा वेळ वापरून पाहावा.

आधी नोंदी पाहाव्यात

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’ या विभागातील ‘ॲप्लिकेशन’ ही यादी पाहावी. प्रोग्राम कोसळला की तेथे सहसा १००० क्रमांकाची नोंद पडते आणि त्या नोंदीत कोणता प्रोग्राम, कोणत्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्राम वापरत असलेल्या घटक फाइलीत) आणि कोणत्या संकेतांकाने बंद पडला हे दिलेले असते. एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. दर वेळी तोच गेम आणि तेच मॉड्यूल दिसत असेल, तर दोष बहुधा त्या गेमच्या फाइलींमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा गेमवर स्वतःची पट्टी दाखवणाऱ्या एखाद्या ओव्हरलेमध्ये असतो, आणि फाइलींची पडताळणी करून व ओव्हरले बंद करून तो पुष्कळदा सुटतो. याउलट आज गेम, उद्या ब्राउझर, परवा झिप फाइल उघडणारा प्रोग्राम असे वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये कोसळत असतील आणि संकेतांक ‘०एक्ससी००००००५’, म्हणजे ‘ॲक्सेस व्हायोलेशन’, असा असेल, तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. अशा वेळी संशय हार्डवेअरवर, आणि त्यातही आधी मेमरीवर, म्हणजे रॅमवर, घ्यावा.

मेमरी

रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग हा ती रॅम कोणत्याही संगणकात आपोआप गाठेल असा वेग नव्हे. उदाहरणार्थ, ६००० वेगाची म्हणून विकली जाणारी डीडीआर५ रॅम बायोसच्या मूळ सेटिंगवर अनेकदा ४८०० वेगाने आणि १.१ व्होल्टवर चालते. पाकिटावरचा वेग मिळवण्यासाठी बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो ही, वेग व व्होल्टेजची तयार मूल्ये असलेली, प्रोफाइल चालू करावी लागते आणि तेव्हा व्होल्टेज बहुधा १.३५ पर्यंत जाते. हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, होय. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असल्यामुळे रॅम निर्दोष असूनही प्रोसेसरला तो वेग झेपत नाही, असे घडू शकते. रॅमच्या चार पट्ट्या बसवल्या की हा ताण आणखी वाढतो : रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसरांसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग दोन पट्ट्यांना ५२००, तर चार पट्ट्यांना अवघा ३६०० आहे. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्या एकत्र लावण्याचा सल्ला आम्ही कधीच देत नाही, मग त्यांच्यावरचे छापील आकडे सारखे का असेनात.

मेमरीतील एखादा बिट (माहितीचा सर्वांत लहान अंश) चुकला, तर पुढे काय होईल हे तो कोठे पडला यावर ठरते. तो चित्राच्या माहितीत पडला, तर क्षणभर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. तो मेमरीच्या पत्त्यात पडला, तर प्रोग्राम आपल्या नसलेल्या जागेत हात घालतो आणि विंडोज त्याला तत्काळ बंद करते. बिघाड अनिश्चित वाटतो तो यामुळे. तोच बिट साठवल्या जाणाऱ्या फाइलीत पडला, तर ती फाइल गुपचूप बिघडते. म्हणून दोष सापडेपर्यंत महत्त्वाच्या फाइलींची हलवाहलव या संगणकावर करू नये.

तपासणीसाठी आधी एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करावे. तेवढ्याने क्रॅश थांबले, तर कारण जवळजवळ हाती आले असे समजावे आणि वेग एकेक पायरीने वाढवून पाहावा. न थांबल्यास मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणक त्यावरून सुरू करून, चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक चालवून घेऊ नये. चूक आढळल्यास एकच पट्टी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावून, पुन्हा चाचणी घ्यावी आणि मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये तपासावी. चाचणी स्वच्छ निघाली तरी मेमरी पूर्णपणे निर्दोष ठरत नाही, कारण त्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असते. गेम चालताना मात्र त्याची गरम हवा रॅमवरून जाते.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि वीज

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील अधिक वीज घेणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, त्यासाठी बायोसमधून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरमधील अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती पुढची झीज रोखण्यासाठी आहे; आधीच झिजलेला प्रोसेसर तिने बरा होत नाही. ग्राफिक्स कार्डवर भरपूर मेमरी असूनही गेम सुरू होताना, शेडर (पडद्यावरचे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतानाच ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत असेल, तर या प्रोसेसरांबाबत हमीखाली बदलून घेण्याची मागणी करावी.

‘सिस्टीम’ यादीत ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार दोन सेकंदांत, प्रतिसाद दिलेला नसतो. कार्डावरील ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करण्याची सेटिंग) दोन्ही काढून टाकावेत. अंडरव्होल्ट निरुपद्रवी असतो, हा समज चुकीचा आहे. प्रोग्राम न कोसळता सबंध संगणकच बंद होत असेल, तर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा खोका) व त्याच्या केबली पाहाव्यात. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. मोठ्या कार्डाला दोन आठ-पिन जोडण्या लागत असतील, तर एकाच केबलची दोन टोके न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली आणाव्यात. तापमानाबद्दल थोडेच : आजचे प्रोसेसर तापले की सहसा आधी वेग कमी करतात, त्यामुळे केवळ उष्णतेने प्रोग्राम कोसळणे तुलनेने कमी आढळते.

संगणक आमच्याकडे पाठवताना

केलेल्या बदलांची यादी, इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी आणि निळा पडदा येत असल्यास विंडोजच्या फोल्डरातील मिनीडंप फाइली (बिघाडाच्या क्षणीची नोंद) सोबत द्याव्यात. आपण बायोसमध्ये केलेली सेटिंग्ज पुसू नयेत, कारण दोष ज्या स्थितीत दिसतो त्याच स्थितीत आम्हाला तो पाहावयाचा असतो. ग्राफिक्स कार्ड मात्र काढून वेगळ्या खोक्यात द्यावे. जड कार्ड लटकत ठेवून नेल्यास वाटेतील धक्क्यांनी स्लॉट तुटू शकतो.