परीक्षेआधी आठवडाभर ब्राह्मी?

दर परीक्षेला फिरणारा संदेश: ‘आठवडाभर ब्राह्मी घ्या, पाठांतर पक्कं, वनस्पतीच ती, अपाय कसला?’

समज अगदीच हवेतला नाही, ब्राह्मीवर प्रयोग झालेत. पण त्यांत बहुधा रोज 300 मिलिग्रॅम अर्क 12 आठवडे दिला होता. फरक दिसला तो शिकलेलं काही वेळाने आठवण्यात, तोही माफक. आठवडाभराला आधार नाही. मळमळ, पोटात मुरडा, जुलाब यांच्याही नोंदी आहेत. थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

लेबलही वाचा. ‘बकोपा मोनिएरी’ म्हणजे ही ब्राह्मी. ‘सेंटेला एशियाटिका’ ही गोलसर पानांची मंडूकपर्णी. बाजारात तिलाही सर्रास ब्राह्मीच म्हणतात, पण वरचे निष्कर्ष तिचे नाहीत.